चार बॅटऱ्यांची नावं

"चोर तुमच्या स्वयंपाकघरात आहे, माई. माझ्या बॅटऱ्यांत नाही."

"हे तिसऱ्यांदा सांगितलंस."

"तीनशेदा सांगेन. आहे ते आहे."

माई ओसरीवर मसूर निवडत होत्या. मांडीत सूप. खडा सापडला की त्या तो फेकत नसत, डाव्या मुठीत धरत.

"दिवे आठला जातात," त्या म्हणाल्या.

"जाणारच. मी रात्रभर पुरेल एवढं ठेवते, कुणीतरी संध्याकाळीच उपसून घेतं."

"कुणी?"

"ती. तुमची स्वयंपाकीण."

माईंनी एक खडा उचलला. मूठ उघडली, मिटली.

"पाहिलंस?"

"माझं गणित सांगतं मला. डोळ्यांनी कशाला पाहायला हवं?"

माई पुन्हा मसूर निवडायला लागल्या.

त्या गप्प बसल्या की मला चेव येतो. त्या दिवशी तर फारच आला.

मी गोजरा. तालुक्याच्या गावात मला गोजरा बॅटरीवाली म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं अ‍ॅसिडनं शिकवलं. माझ्या लुगड्यांना पडलेली भोकं मोजा, तेवढ्या माझ्या इयत्ता. मला गुरू नाही, हे मी भेटेल त्याला सांगत आले. कुणी विचारलं नाही तरी सांगत आले.

माई वडजाईच्या डोंगरावर राहतात. लोक त्याला मठ म्हणतात. खरं तर ते चार खोल्यांचं कौलारू घर आहे, मागे गोठा, पुढे एक समाधी. खालून दोनशे बारा पायऱ्या. विजेचे खांब डोंगराच्या पायथ्याशीच थांबले आहेत. लांबून लांबून माणसं माईंकडे प्रश्न घेऊन येतात आणि अर्धं वाक्य घेऊन परत जातात. मी त्यांतली नव्हते. मी पाना आणि मीटर घेऊन गेले होते.

कौलांवर सोलरच्या पाट्या बसल्या, आणि त्यांची वीज साठवायला बॅटऱ्या किती, कुठल्या, कशा, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी यादी केली. माईंची खोली. देवस्थानचं काम बघणाऱ्या आप्पा खराड्यांची बैठक. समाधी. गोठा. पाण्याची मोटर. प्रत्येकापुढे किती दिवे, किती पंखे, किती तास. जो तो आपल्या तोंडानं सांगत होता. स्वयंपाकघरापुढे मीच लिहून टाकलं, दिवा एक.

दिवसाला बाराशे वॉट-तास. ढगाळ तीन दिवस धरायचे, म्हणजे छत्तीसशे. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, उतरवली की ती अकाली म्हातारी होते. म्हणून दुप्पट करायचं, बहात्तरशे. चार मोठ्या बॅटऱ्या, एकीला एक जोडून, एका ओळीत. माझ्या कागदावर एक खाडाखोड नव्हती. इंजिनिअर आला असता तर त्यानं माझ्या पाया पडायला हवं होतं. असं मी आप्पांना म्हणालेसुद्धा.

माझी एक खोड आहे. मी बसवलेल्या प्रत्येक बॅटरीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव घालते. या चौघी होत्या गंगा, यमुना, गोदा आणि कृष्णा. नाव घातलं की बॅटरी लक्षात राहते, तिची हयगय होत नाही. गिऱ्हाइकांना मी हे फार ठसक्यात सांगते.

दीड महिना सगळं ठीक चाललं. मग दिवे आधी अकराला जायला लागले, मग नऊला, मग आठला. मार्गशीर्ष सुरू होता. आभाळात ढगाचा ठिपका नाही. पाट्या दिवसभर तापत होत्या. म्हणजे उन्हाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

मग मी माणसाकडे दाखवलं.

आप्पांना चिठ्ठी दिली. 'स्वयंपाकीण चोरून वीज वापरते.' खाली माझी सही, पूर्ण नावानिशी. आप्पांनी विचारलं, "तिचं नाव घालायला हवं ना?" मी म्हणाले, "नाव कशाला? एकच तर आहे. कळतं सगळ्यांना."

आप्पांनी निकाल दिला. दत्तजयंती झाली की तिनं खाली उतरायचं.

बावीस वर्षं ती तिथे होती. खाली तिचं कुणी नव्हतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

या लिहिण्यात मी तिला स्वयंपाकीणच म्हणणार आहे. तेव्हा जे म्हणत होते तेच लिहायला हवं. साखर पेरून लिहिण्यात अर्थ नाही.

"पुरावा आहे माझ्याकडे," मी माईंना म्हणाले.

"हं."

"मांडणीखाली पोतं आहे. त्यात कॉइलची शेगडी आहे. मी चाचपून बघितली. हजार वॉटची! एक तास पेटवली की तुमचा रात्रभराचा उजेड गेला."

"आण."

मी तरातरा गेले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. पोतं ओढून आणलं आणि माईंसमोर उपडं केलं.

शेगडीची मातीची थाळी बाहेर पडली. पांढरी, गोल, नागमोडी खाचा असलेली. खाचांत काजळी होती. एका बाजूला ताकाचा वाळलेला ओघळ.

माईंनी थाळी उचलली. खाचांवरून बोट फिरवत राहिल्या. फार वेळ.

"गोजरा, यात तार असते ना?"

मी थाळी हातात घेऊन उलटसुलट केली.

तार नव्हती. वायर नव्हती. पिन नव्हती. चुलीवरून उतरवलेलं पातेलं ठेवायला कुणीतरी भंगारातून आणलेला तो मातीचा तुकडा होता. अशा शेकडो शेगड्यांत मी नवी तार भरून दिली आहे. आंधळ्या माणसालाही बोटांनी कळलं असतं. मला पोत्याबाहेरून हवं ते कळलं होतं.

इथे मी थांबायला हवं होतं.

"मग दुसरीकडे लपवली असेल," मी म्हणाले.

माई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"तिला विचारलंस?"

"चोराला काय विचारायचं?"

"पाणी हवं का, एवढं तरी विचारलंस कधी?"

"माई, तुम्ही भोळ्या आहात. तुमच्या तोंडावर सगळे गरीब होतात. मी बाजारात बसलेली बाई आहे. माझ्याकडे माणसं मेलेली बॅटरी पुसूनबिसून आणतात आणि म्हणतात, काल घेतली. मला माणूस कळतो."

"तुला बॅटरी कळते," माई म्हणाल्या. "म्हणून तुला बोलावलं."

मी आणखी काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात ती आली.

पन्नाशीची बाई. हाडापेराची, खांद्यानं रुंद. हातात बॅटरीच्या पाण्याचा पांढरा कॅन. पोतं, थाळी, मी, माई, सगळं तिनं एका नजरेत पाहिलं. थाळीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. लाकडाच्या खोलीकडे, म्हणजे बॅटऱ्या ठेवल्या होत्या तिकडे, वळली.

"कुठं निघालीस?" मी ओरडले.

"पाणी घालाया."

"महिन्याला एकदा घालायचं म्हणून बजावलं होतं. या महिन्याचं झालं की."

"तिघींचं झालं, गोजराताई. गोदाला आठवड्याला लागतंय."

"काय?"

"गोदाला तहान जास्ती. पयल्यापास्नंच. दुपारच्याला अंग बी कढत असतंय तिचं. म्या फडक्यानं पुसती ना रोज, हाताला लागतंय."

मार्गशीर्षाच्या उन्हात बसले होते मी. पाठीवरून गार काटा गेला.

"मग सांगितलं का नाहीस मला? आं? दोन महिने तोंडाला कुलूप होतं?"

ती खाली बघून म्हणाली, "तुमीच सांगितलं हुतं. पाणी घाल, तोंड घालू नको. यातलं तुला काय कळतंय."

सांगितलं होतं. शब्द माझेच होते. माझी उच्चारायची पद्धतसुद्धा तिच्या तोंडात तशीच होती.

माईंनी सूप खाली ठेवलं आणि उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, भिंतीला धरून. माझ्यापुढे चालू लागल्या.

लाकडाच्या खोलीत चौघी ओळीनं बसल्या होत्या. स्वच्छ. झाकणांवर धुळीचा कण नाही, टर्मिनलांवर पांढरा क्षार नाही. माझ्या दुकानातल्या बॅटऱ्यासुद्धा इतक्या नीटनेटक्या नसतात. बॅटरी अशी ठेवलेली दिसली की मी त्या माणसाची पाठ थोपटते. त्या दिवशी नाही थोपटली.

मी मीटर काढला. एक टोक गंगेला, दुसरं कृष्णेला. ओळीची दोन टोकं.

"चोपन्न," मी म्हणाले. "बघा. भरताना जेवढे व्होल्ट असायला हवेत तेवढे आहेत."

"मधल्यांचं?"

"मधल्या त्यात आल्याच की."

"हात ठेव," माई म्हणाल्या.

"मीटर आहे ना हातात..."

"हात."

मी गंगेवर हात ठेवला. कोमट. यमुनेवर ठेवला. कोमट. मग कृष्णेवर.

"एक राहिली."

"माई..."

"राहिली एक."

मी गोदावर हात ठेवला आणि काढून घेतला. ताप भरलेल्या लेकराच्या पोटासारखी होती ती.

आता लिहायलाच हवं. गोदा नवी नव्हती.

तिघी कारखान्यातून आल्या होत्या. गोदा माझ्या दुकानातून. ती मेलेली बॅटरी होती, मी उठवलेली. प्लेटा बदलल्या, नवं अ‍ॅसिड भरलं, नवं झाकण बसवलं, वरून तिघींसारखाच रंग दिला. कारखान्याच्या तिघींच्या ओळीत माझी एक बसवायची आणि ती बरोबरीनं चालताना बघायची, एवढंच होतं मनात. कारखान्याला कुठे कळणार होतं? मला कळलं असतं. तेवढं मला पुरेसं होतं.

जुनी आणि नवी एका ओळीत कधी जोडू नये. एक दमली की सगळी ओळ दमते, बाकीच्यांत जीव असूनही दिवा जातो. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. भिंतीवर लिहून ठेवलं आहे. माझ्याच अक्षरात.

मी पाट्यांचा खटका पाडून भरणं थांबवलं. बॅटऱ्यांवर भार यावा म्हणून पाण्याची मोटर सुरू केली आणि एकेकीला वेगळा मीटर लावला. गंगा बारा. यमुना बारा. कृष्णा बारा.

गोदा नऊ. बघता बघता आठ.

मीटर खोटं बोलत नाही. मीच दोन महिने त्याला गोदाजवळ जाऊ दिलं नव्हतं.

दारात ती उभी होती, कॅन घेऊन. तिनं आकडे बघितले नसतील. माझं तोंड बघितलं.

"घालू का पाणी?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हणाले.

ती गेली. स्वयंपाकघरातून भांडी आवरल्याचा आवाज आला. मग पेटी सरकवल्याचा. दत्तजयंती दोन दिवसांवर होती.

मी मोटर बंद केली. खोली एकदम शांत झाली.

"झालं," मी हळूच म्हणाले. "सापडलं. हिला काढते. उद्या नवी आणून लावते. दिवे रात्रभर चालतील."

माई गोदाकडे बघत राहिल्या.

"आप्पांना सांगते की चोरीबिरी काही नव्हती. एक तार सैल होती. स्वयंपाकीण राहील इथेच. म्हणजे झालं ना?"

...

"तार सैल असू शकते, माई. असतात तारा सैल."

...

"अहो, बोला ना काहीतरी!"

माईंनी डावी मूठ उघडली. मसुरातले खडे तळहातावर होते, सात-आठ. त्यांनी ते कोनाड्यात ठेवले. एकेक करून.

मग माझा तोल गेला.

"तुम्हाला काय जातं गप्प बसायला? तुमच्या पाया पडायला येतात माणसं! मी या धंद्यात शिरले तेव्हा बाई म्हणून कुणी बॅटरीला हात लावू देत नव्हतं. दुकानात येऊन विचारायचे, मिस्तरी कुठाय. मी समोर पाना घेऊन बसलेली, आणि मला विचारायचे! चाळीस वर्षं मला 'ए बाई' म्हणाले. 'अगं ए' म्हणाले. नाव नव्हतं मला. एकेक अक्षर मिळवलंय मी ते. आज सांगू आप्पांना, की गोजराचं चुकलं? उद्या अख्खा तालुका म्हणेल, बाईमाणूसच ती, चुकणारच!"

"म्हणतील," माई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय?"

"मग मी काय करू?"

"तूच म्हणालीस. हिला काढायचं."

"हो."

"काढ."

हे मला जमण्यासारखं होतं. मी पाना घेतला. नट ढिले केले, पट्ट्या सोडवल्या, गोदा ओळीतून मोकळी केली. हातांना काम ठाऊक होतं. मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्या धरल्या आणि उचलायला गेले.

हलली नाही.

पुन्हा धरली. पाय रोवले, दात आवळले. कमरेतून कळ गेली. गोदा जागची वीतभर सरकली आणि तिथेच बसली. साठ किलोचं धूड. मी एकाहत्तर वर्षांची.

"कशी आणलीस वर?" माईंनी विचारलं.

मला आठवलं. ते आठवायचं नव्हतं म्हणूनच बहुतेक इतका वेळ आरडाओरडा केला होता.

तिघींना दोन हमाल घेऊन आले होते. गोदा मी त्यांच्या हाती दिली नाही. ती माझी, मीच नेणार, असा हट्ट धरला. तेव्हा स्वयंपाकीण खाली आली होती, पिठाचा डबा न्यायला. डबा डोक्यावर घेतला आणि गोदाची एक दोरी धरली. दुसरी मी. दोनशे बारा पायऱ्या. वजन सगळं तिच्याकडे झुकलेलं, कारण ती खालच्या पायरीवर होती. मी वरच्या पायरीवरून बोलत होते. बॅटरी म्हणजे काय, प्लेट म्हणजे काय, मी कसं शिकले, मला गुरू कसा नाही. ती "हां" म्हणत होती. वर पोचल्यावर तिनं हात झटकले. दोरीनं तळव्याची साल निघाली होती.

तिनं विचारलं होतं, "हिचं नाव काय ठेवलं, ताई?"

मी म्हणाले होते, "गोदा."

"लई ग्वाड नाव," ती म्हणाली होती. मग डबा घेऊन आत गेली.

तेव्हा उलट 'तुझं काय गं?' एवढं विचारायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्याकडे वेळ होता. पाणीसुद्धा पिऊन झालं होतं.

"एकटीला उचलत नाही," मी माईंना म्हणाले.

"नाही ना?"

"दुसरी बाजू कुणीतरी धरायला हवी."

"मग बोलाव."

आतून बोचकं बांधल्याचा आवाज येत होता. गाठ मारताना कापड करकरतं तसा. पंधरा पावलांवर होती ती. मी उंबऱ्यापाशी गेले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पदरानं टिपलं. ती आली की आधी गोदा उचलायची, मग बघू, असं मनाशी ठरवलं. बॅटरी दोघींनी उचलली की आपोआप काहीतरी बोलणं होईल. नसेल झालं तर पायऱ्या आहेतच दोनशे बारा.

"अगं ए," मी हाक मारली. "जरा इकडे ये गं..."

माझ्या खांद्यावर माईंचा हात पडला.

"नावानं हाक मार, गोजरा."